घरात घट, बाहेर विक्री: दक्षिण कोरियाच्या अणुवीज निर्यातीविषयी

प्रश्न असा आहे: आपल्या देशात अणुवीज हळूहळू कमी करण्याचे धोरण जाहीर केलेल्या देशाला परदेशात अणुभट्ट्या विकता येतात का, आणि विकता आल्या तरी त्या निर्यातीचा त्या देशाच्या ऊर्जाधोरणाला खरोखर उपयोग होतो का? प्रश्नाचा रोख दक्षिण कोरियाकडे आहे, कारण २०१७ ते २०२२ या काळात तेथील सरकारने नेमके हेच करून पाहिले. अणुवीज प्रकल्पांसाठी लागणाऱ्या यंत्रसामग्रीच्या खरेदीत आणि गुणवत्ता तपासणीत माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत, त्यामुळे मी उत्तर त्या बाजूने देतो. विक्री करता येते, पण फार काळ नाही. घरची बांधकामे थांबल्यानंतर जी निर्यात होते ती आधी कमावलेल्या भांडवलावर होते, आणि ते भांडवल कागदावरच्या आराखड्यांत नसून माणसांच्या हातांत आणि कारखान्यांच्या सवयींत असते. निर्यात हे ऊर्जाधोरणाचे फळ आहे. त्या धोरणाची जागा ती घेऊ शकत नाही.

आधी विकले काय जाते ते पाहू. आजच्या मोठ्या अणुभट्टीचे आयुष्य आराखड्यातच साठ वर्षांचे धरलेले असते. त्याआधी करार, परवाने आणि बांधकाम यांत दहा-पंधरा वर्षे जातात आणि आयुष्य संपल्यावर केंद्र मोडून जागा मोकळी करायला आणखी एक-दोन दशके लागतात. म्हणजे आज सही करणारा ग्राहक विक्रेत्याशी जवळजवळ शंभर वर्षांचे नाते जोडत असतो. या काळात त्याला सुटे भाग लागतील, इंधन लागेल, यंत्रणेतील एखादा दोष दुसऱ्या देशातील केंद्रात सापडला तर त्याची माहिती वेळेवर मिळायला हवी, आणि वाफजनित्रासारखा प्रचंड भाग तीस वर्षांनी बदलायची वेळ आली तर तो बनवणारा कारखाना तेव्हाही उभा असायला हवा. म्हणूनच कोणताही शहाणा ग्राहक किमतीच्या आधी एक साधा प्रश्न विचारतो: हीच अणुभट्टी तुमच्या देशात चालते का, आणि पुढेही चालणार आहे का?

दक्षिण कोरियाचा प्रवास ग्राहक म्हणून सुरू झाला. कोरी-१ ही त्यांची पहिली व्यापारी अणुभट्टी वेस्टिंगहाऊस या अमेरिकी कंपनीने उभारून दिली आणि ती १९७८ मध्ये वीज देऊ लागली. पुढे १९८७ मध्ये कम्बश्चन इंजिनिअरिंग या दुसऱ्या अमेरिकी कंपनीबरोबर झालेल्या करारात त्यांनी यंत्रांबरोबर तंत्रज्ञानाचे हस्तांतरणही मागितले. त्या आराखड्यावर काम करत आधी १,००० मेगावॉटची प्रमाणित कोरियन अणुभट्टी आणि नंतर तिच्याहून मोठी, १,४०० मेगावॉटची एपीआर-१४०० तयार झाली. या काळातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांनी बांधणे थांबवले नाही. एकाच घराण्यातील अणुभट्ट्या एकामागून एक उभ्या राहत गेल्या, तीच माणसे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेली आणि पहिल्या ठिकाणी झालेली चूक तिसऱ्या ठिकाणी टळली. डिसेंबर २००९ मध्ये संयुक्त अरब अमिरातींनी फ्रेंच आणि अमेरिकी-जपानी स्पर्धकांना बाजूला ठेवून बराका येथील चार अणुभट्ट्यांचे सुमारे २० अब्ज डॉलरचे काम कोरियन गटाला दिले, त्याच्या मुळाशी ही तीस वर्षांची सलगता होती. स्वस्त दर हा त्या सलगतेचाच परिणाम होता.

बराकासाठी संदर्भ प्रकल्प होता कोरियातील शिन-कोरी ३. संदर्भ प्रकल्प म्हणजे विकल्या जाणाऱ्या अणुभट्टीचे घरचे जुळे भावंड, जिच्या परवान्यांचा, चाचण्यांचा आणि चालवण्याच्या अनुभवाचा आधार ग्राहकाच्या नियामकाला घेता येतो. या जुळेपणाची दुसरी बाजूही लवकरच दिसली. २०१२-१३ मध्ये कोरियातील काही पुरवठादारांनी दिलेली चाचणी-प्रमाणपत्रे बनावट असल्याचे उघड झाले, त्यानंतर झालेल्या फेरचाचणीत शिन-कोरी ३ मधील नियंत्रण केबली उत्तीर्ण झाल्या नाहीत आणि त्या उपसून नव्या टाकाव्या लागल्या. ते केंद्र अखेर डिसेंबर २०१६ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. घरच्या केंद्राला विलंब झाला, तसा परदेशातील ग्राहकाच्या हाती पडणारा अनुभवही लांबला. बराकाची पहिली अणुभट्टी मुळात २०१७ मध्ये सुरू व्हायची होती. ती ऑगस्ट २०२० मध्ये वीजजाळ्याला जोडली गेली, यात केंद्र चालवणाऱ्या माणसांची तयारी आणि तेथील नव्या नियामकाची काटेकोर तपासणी हीदेखील कारणे होती. तरीही २०२४ मध्ये चौथी अणुभट्टी सुरू होऊन प्रकल्प पूर्ण झाला, आणि ५,६०० मेगावॉटचे हे केंद्र आज त्या देशाची सुमारे एक चतुर्थांश वीज देते. आपल्या पहिल्याच निर्यातीत एवढे काम तडीस नेणे ही मोठी कामगिरी आहे आणि ती तशीच मान्य केली पाहिजे.

सलगता तुटल्यावर काय होते याचे उदाहरण फ्रान्सने दिले आहे. तेथे सिवो-२ या अणुभट्टीचे बांधकाम १९९१ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतरचे नवे बांधकाम, म्हणजे फ्लामांविल-३, थेट २००७ मध्ये. दरम्यान २००३ मध्ये फ्रेंच कंपनी अरेव्हाने फिनलंडमध्ये ओल्किलुओटो-३ चे काम सुमारे ३ अब्ज युरोच्या ठरीव किमतीला घेतले होते. त्यासाठी निवडलेला ईपीआर हा नवा फ्रेंच आराखडा तोवर जगात कोठेही चालत नव्हता आणि घरी संदर्भ प्रकल्प नव्हता. २००९ मध्ये सुरू व्हायचे ते केंद्र २०२३ मध्ये नियमित वीज देऊ लागले, अरेव्हाचे विघटन झाले आणि तिचा अणुभट्टीचा व्यवसाय सरकारी वीज कंपनी ईडीएफच्या गळ्यात पडला. तोच आराखडा चीनमधील ताइशान येथे फिनलंडनंतर सुरू होऊन आधी, २०१८ मध्येच, कार्यान्वित झाला, कारण चीनमध्ये तेव्हा काँक्रीट ओतणारे, वेल्डिंग करणारे आणि कागदपत्रे तपासणारे हजारो हात रोज याच कामात होते. ब्रिटनची कथा आणखी बोलकी आहे. १९५०-६० च्या दशकांत या देशाने इटली आणि जपानला आपल्या बनावटीच्या अणुभट्ट्या विकल्या होत्या. १९९५ मध्ये साइझवेल-बी सुरू झाल्यावर मात्र दोन दशकांहून अधिक काळ तेथे एकाही नव्या केंद्राचे बांधकाम सुरू झाले नाही, आणि हिंकली पॉइंट-सी साठी त्यांना फ्रेंच आराखडा घ्यावा लागला.

हे हात कसे हरवतात ते मी पाहिले आहे. एका प्रकल्पासाठी आम्ही जाड भिंतींच्या झडपा घेत होतो. पुरवठादार जुना, अनुभवी आणि नावाजलेला होता, पण चार वर्षे त्याला अणुवीज क्षेत्रातील एकही मागणी मिळाली नव्हती. कागदोपत्री त्याची पात्रता शाबूत होती. प्रत्यक्षात विशेष वेल्डिंगची मान्यता असलेले त्याचे बहुतेक कारागीर जहाजबांधणीकडे गेले होते आणि उष्णता-प्रक्रियेच्या नोंदी कशा ठेवायच्या हे माहीत असलेली शेवटची व्यक्ती निवृत्त झाली होती. पहिल्या खेपेतील झडपांपैकी निम्म्याहून अधिक आम्हाला परत पाठवाव्या लागल्या. त्यांच्या धातूत खोट नव्हती. तो धातू कोणत्या प्रक्रियेतून गेला याचा अखंड पुरावा मात्र नव्हता, आणि अणुवीज केंद्रात पुराव्याशिवायचा चांगला भाग हा निकामीच धरावा लागतो. त्या कारखान्याला पूर्वपदावर यायला दोन वर्षे लागली. असे शेकडो लहान-मोठे पुरवठादार एका अणुभट्टीमागे उभे असतात आणि निर्यातीची एखादी मागणी दहा वर्षांतून एकदा येते. मधला काळ त्यांनी कशावर काढायचा?

आता २०१७ कडे येऊ. जून महिन्यात कोरी-१ कायमची बंद करण्याच्या समारंभात राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी अणुवीजकेंद्रित धोरण संपल्याचे आणि नव्या अणुभट्ट्यांच्या योजना रद्द करण्याचे जाहीर केले. बांधकाम सुरू असलेल्या शिन-कोरी ५ आणि ६ यांचे काय करावे यासाठी सामान्य नागरिकांचे मंडळ नेमले गेले. अभ्यास आणि चर्चेनंतर ४७१ नागरिकांपैकी ५९.५ टक्क्यांनी बांधकाम पुढे चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला, पण त्याच मंडळातील ५३.२ टक्क्यांनी अणुवीजेचा एकूण वाटा कमी व्हावा असेही म्हटले. मला हा कौल गोंधळलेला वाटत नाही. फुकुशिमा शेजारच्याच देशात घडले होते, आणि २०१६ मध्ये ग्योंगजू येथे झालेल्या भूकंपाने आग्नेय किनाऱ्यावर दाटीने उभ्या असलेल्या केंद्रांविषयी भीती वाढवली होती. लोकांनी हातातले काम पूर्ण करा आणि पुढचे जपून ठरवा असे सांगितले होते. मून यांच्या धोरणाला लोकशाहीचा आधार नव्हता असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

अडचण धोरणाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात होती. सरकारने निर्यात मात्र चालूच राहील असे सांगितले आणि राष्ट्राध्यक्षांनी स्वतः नोव्हेंबर २०१८ मध्ये प्राग येथे चेक पंतप्रधानांपुढे कोरियन अणुभट्ट्यांची बाजू मांडली. आमची केंद्रे सुरक्षित आहेत, ती आम्ही वेळेत बांधतो, पण आमच्या नागरिकांसाठी आम्हाला ती नकोत, असा युक्तिवाद ग्राहकापुढे टिकत नाही. विशेषतः शंभर वर्षांच्या नात्याची हमी मागणाऱ्या ग्राहकापुढे. त्याच काळात छांगवॉन येथील डूसान हेवी इंडस्ट्रीज, जिच्या भट्ट्यांत कोरियन अणुभट्ट्यांची दाबपात्रे घडतात, २०२० मध्ये सरकारी बँकांच्या मदतीवर तगली. तिच्या संकटाला कोळशावरील वीज केंद्रांची घटलेली मागणी आणि जुनी कर्जे हीदेखील कारणे होती, सगळा दोष अणुधोरणावर टाकणे बरोबर नाही. परंतु शिन-हानुल ३ आणि ४ या रद्द झालेल्या केंद्रांचे भाग घडवण्यात त्या कंपनीने आधीच पैसा घातला होता आणि तिच्या मागे असलेल्या छोट्या कारखान्यांना सरकारी बँकेचा आधार नव्हता. २०२२ मध्ये सत्तेवर आलेल्या यून सुक-योल यांनी धोरण उलटवले, २०३० पर्यंत दहा अणुभट्ट्या निर्यात करण्याचे लक्ष्य जाहीर केले आणि शिन-हानुल ३ व ४ पुन्हा हाती घेतल्या. त्यांना बांधकामाचा परवाना सप्टेंबर २०२४ मध्ये मिळाला. पाच वर्षांचा खंड भरून काढता आला, कारण तो पाचच वर्षांचा होता आणि त्या काळात बराका व शिन-कोरी ५-६ ही कामे चालू होती. पंधरा वर्षांचा खंड असता तर फ्रान्ससारखी गत झाली असती.

प्रश्नाचा दुसरा भाग निर्यातीच्या लाभाचा आहे आणि येथे निर्यातीच्या समर्थकांनाही काही अप्रिय गोष्टी ऐकाव्या लागतील. अणुभट्टीची विक्री ही बहुतेक वेळा कर्जाची विक्री असते. रशियाची सरकारी अणुऊर्जा कंपनी रोसाटॉम यात सर्वांच्या पुढे आहे: बांगलादेशातील रूपपूर प्रकल्पाच्या १२.६५ अब्ज डॉलरपैकी सुमारे ९० टक्के रक्कम रशियन कर्जाची आहे, इजिप्तमधील अल-दबासाठी २५ अब्ज डॉलरचे कर्ज दिले गेले, आणि तुर्कस्तानातील अक्कुयू येथे तर रशियाच मालक आहे, तोच केंद्र चालवील आणि ठरावीक वीज पंधरा वर्षे युनिटला १२.३५ सेंट या दराने विकेल. अशा स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक देशाला आपल्या तिजोरीची जोखीम पत्करावी लागते. कोरियन वीज महामंडळ केपकोने बराकाच्या कंपनीत १८ टक्के भागभांडवल घेतले. हेच केपको घरी इंधनाच्या वाढलेल्या किमती ग्राहकांकडून वसूल करू न शकल्यामुळे एकट्या २०२२ मध्ये ३२ लाख कोटी वॉनहून अधिक तोट्यात गेले. बराकातील वाढीव खर्च कोणी सोसायचा यावरून केपको आणि तिचीच उपकंपनी असलेली, कोरियातील अणुकेंद्रे चालवणारी केएचएनपी यांच्यातला वाद २०२५ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. ठरीव किमतीला घेतलेल्या कामाचा नफा शेवटचे बिल चुकते होईपर्यंत कोणालाच कळत नाही, हे या धंद्यातले जुने सत्य आहे.

शिवाय परदेशात विकलेल्या अणुभट्टीतून घरी एक युनिटही वीज येत नाही. दक्षिण कोरिया आपल्या एकूण ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आयात करतो, त्याचे वीजजाळे कोणत्याही शेजाऱ्याशी जोडलेले नाही, आणि देशातील सुमारे तीस टक्के वीज अणुकेंद्रांतून येते. या परिस्थितीत तेल, वायू आणि कोळशावरचे अवलंबन कमी करायचे असेल तर घरचीच वीजनिर्मिती बदलावी लागते. मग ती अणूची असो, समुद्रावरील वाऱ्याची असो वा दोन्हींची. निर्यातीने एवढेच साधते की घरच्या दोन प्रकल्पांमधल्या रिकाम्या काळात कारखान्यांना काम मिळते आणि तोच खर्च अधिक अणुभट्ट्यांत विभागला जातो. हा लाभ लहान नाही, पण तो पूरक आहे. आणि निर्यात घरचे जुने प्रश्नही सोडवत नाही. कोरियन केंद्रांच्या आवारातील वापरलेल्या इंधनाची तळी भरत आली आहेत आणि त्या इंधनाच्या कायमस्वरूपी साठवणुकीसंबंधीचा विशेष कायदा संसदेने अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजूर केला. वापरलेले इंधन परत घेऊ, असे रशिया आपल्या काही ग्राहकांना सांगू शकतो. कोरियाला ते शक्य नाही.

ग्राहकाच्या बाजूचाही विचार केला पाहिजे, कारण निर्यातीचे धोरण आखणारे ते विसरतात. फिलिपिन्समधील बाताआन केंद्र १९८० च्या दशकात बांधून झाले, पण भ्रष्टाचाराचे आरोप, सत्तांतर आणि चेर्नोबिल यांमुळे त्यात इंधन कधीच भरले गेले नाही, आणि एकही युनिट वीज न देणाऱ्या त्या केंद्राचे कर्ज तो देश २००७ पर्यंत फेडत होता. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांसाठी तीस वर्षे इंधन पुरवण्याचा करार अमेरिकेने १९६३ मध्ये केला होता. भारताच्या १९७४ च्या अणुचाचणीनंतर आणि अमेरिकेच्या १९७८ च्या अणुप्रसारविरोधी कायद्यानंतर तो पुरवठा अडला आणि १९८२ मध्ये फ्रान्सला मध्ये यावे लागले. त्याच चाचणीनंतर उभ्या राहिलेल्या अणुपुरवठादार गटाचे, म्हणजे अणुसामग्री विकणाऱ्या देशांच्या संघटनेचे, नियम आज प्रत्येक निर्यातीला लागू होतात. अमिरातींनी २००९ मध्ये अमेरिकेबरोबरच्या करारात युरेनियम समृद्ध करण्याचा आणि इंधनावर पुनर्प्रक्रिया करण्याचा मार्ग, जो अण्वस्त्रांकडेही नेऊ शकतो, स्वतःहून सोडला, त्याशिवाय बराकाचा कोरियन सौदाही पुढे सरकला नसता, कारण त्या अणुभट्ट्यांत अमेरिकी तंत्रज्ञान आणि अमेरिकी भाग होते.

हाच धागा कोरियाच्या दुसऱ्या मोठ्या निर्यातीत आडवा आला. १९८७ च्या करारातील कम्बश्चन इंजिनिअरिंगचा अणुव्यवसाय पुढे वेस्टिंगहाऊसकडे गेला होता. चेक प्रजासत्ताकातील दुकोवानी येथील स्पर्धेत कोरियन आराखड्यात आपले तंत्रज्ञान आहे असा दावा करत वेस्टिंगहाऊसने २०२२ मध्ये न्यायालयात धाव घेतली. जुलै २०२४ मध्ये केएचएनपीची निवड झाल्यावरही तो वाद मिटेपर्यंत जानेवारी २०२५ उजाडले, आणि तडजोडीच्या अटी अधिकृतपणे खुल्या केल्या गेल्या नाहीत. त्यानंतर स्पर्धेत हरलेल्या ईडीएफच्या तक्रारीवरून चेक न्यायालयाने करार रोखला आणि तो अडथळा दूर होताच ४ जून २०२५ रोजी सह्या झाल्या. ज्या देशाने तंत्रज्ञान विकत घेऊन ते उत्तम आत्मसात केले, त्यालाही चाळीस वर्षांपूर्वीच्या कराराचे देणे चुकवावे लागते, हे नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या नव्या सरकारने मंत्रालयांची फेररचना केली. देशांतर्गत ऊर्जाधोरण, त्यात अणुवीजही, हवामान, ऊर्जा व पर्यावरण मंत्रालयाकडे गेले आणि अणुभट्ट्यांची निर्यात मात्र व्यापार व उद्योग मंत्रालयाकडे राहिली. मला या विभागणीची खरोखर काळजी वाटते. घरी किती केंद्रे बांधायची हे ठरवणाऱ्याला कारखान्यांच्या वेळापत्रकाचे ओझे नसेल आणि परदेशात वचने देणाऱ्याला घरच्या बांधकामांवर अधिकार नसेल, तर मधल्या फटीत तेच छोटे पुरवठादार सापडतील ज्यांच्यावर दोन्ही मंत्रालयांची भिस्त आहे. दुकोवानीत ही गोष्ट लवकरच कसोटीला लागेल. तेथे विकली गेलेली एपीआर-१००० ही अणुभट्टी कोरियाच्या सिद्ध आराखड्यांवरून बेतलेली असली, तरी ती स्वतः अजून कोठेही बांधली गेलेली नाही. बराकाच्या अभियंत्यांना शिन-कोरी ३ मध्ये जाऊन पाहता येत होते. चेक अभियंत्यांना नेऊन दाखवता येईल असे या अणुभट्टीचे जुळे भावंड कोरियात नाही, आणि ते बांधण्याची योजनाही तेथील वीज आराखड्यात नाही.